युद्धानंतरच्या गावात बायका प्रशिक्षणाला येईनाशा का होतात?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तुम्ही लिहिलंय ते असं: युद्ध संपून तीन वर्षं झालेल्या एका जिल्ह्यात तुम्ही बायकांसाठी शिलाईचा चार महिन्यांचा वर्ग सुरू केलात. पहिल्या आठवड्यात ४० जणी आल्या, दुसऱ्या महिन्यात ११ उरल्या. तुमचे सहकारी म्हणतात, या बायका अजून धक्क्यात आहेत, आधी समुपदेशक आणा. वरिष्ठ म्हणतात, जनजागृती कमी पडली. आणि तुम्हाला स्वतःला छळतोय तो प्रश्न वेगळाच आहे. युद्धाच्या काळात ज्या बायकांनी घर, शेत, बाजार, म्हातारीकोतारी सगळं एकटीनं ओढलं, त्या शांतता आल्यावर मागे का सरकतात?

मी अठरा वर्षं हेच काम करते आहे. त्यातली निम्मी श्रीलंकेच्या उत्तर भागात गेली, नंतर नेपाळच्या पश्चिम तराईत आणि काही काळ उत्तर युगांडात. तुमच्यासारखं हजेरीपत्रक मीही हातात धरून बसले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी माझं मत सांगते, मग कारणं. वर्गात न येणाऱ्या त्या २९ जणी मागे सरकलेल्या नसाव्यात. त्या दुसरीकडे कुठेतरी आहेत, आणि त्या कुठे आहेत हे तुमच्यापैकी कुणी अजून पाहिलेलं नाही. युद्धातून बाहेर पडलेल्या बाईला पहिल्या दोन-चार वर्षांत नवं कौशल्य फार क्वचित कमी पडतं. तिला कमी पडतो कागद आणि कमी पडतो वेळ. हे दोन हाताशी नसताना दिलेलं प्रशिक्षण तिच्या डोक्यावर आणखी एक हंडा चढवल्यासारखं होतं.

आता, कुठल्या बाबतीत काय लागू पडेल हे परिस्थितीवर अवलंबून आहे. तुम्ही देशाचं नाव दिलं नाहीत. सुरक्षेच्या दृष्टीनं ते बरोबरच केलंत, पण त्यामुळे काही गोष्टी तुमच्या तुम्हाला तपासाव्या लागतील. युद्ध संपलं ते एका बाजूच्या विजयानं की करारानं? श्रीलंकेत मे २००९ मध्ये सैन्यानं युद्ध संपवलं, त्यामुळे उत्तरेतल्या तमिळ बायका ज्या सरकारकडे मदत मागत होत्या त्याच सरकारकडे आपल्या बेपत्ता माणसांचा हिशेबही मागत होत्या. नेपाळमध्ये नोव्हेंबर २००६ मध्ये सर्वंकष शांतता करार झाला आणि कालचे बंडखोर माओवादी पुढे सत्तेत आले. तिथल्या बायकांची दारं वेगळी होती आणि त्या दारांवर ताटकळणंही वेगळं होतं. दुसरं, पुरुष कुठे आहेत? मेले, बेपत्ता झाले, तुरुंगात आहेत, परदेशी कामाला गेले, की अपंग होऊन घरी परतले? या प्रत्येक उत्तरागणिक बाईचा दिवस बदलतो. तिसरं, जमीन परत मिळाली का? मिळाली असेल तर ती सुरुंगमुक्त आहे का? या तीन गोष्टी माहीत नसताना कार्यक्रम आखणं म्हणजे अंधारात सुईत दोरा ओवणं.

कागदापासून सुरुवात करते, कारण तिथे मी स्वतः चुकले होते.

२०११ चा पावसाळा संपत आला होता. उत्तर श्रीलंकेतल्या किलिनोच्ची जिल्ह्यात लोक छावण्यांमधून गावी परतत होते. एका पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही उपजीविकेच्या मदतीसाठी नोंदणी करत होतो. तिशीतली एक बाई समोर बसली. मांडीवर पारदर्शक प्लास्टिकचं पाकीट, कडा पिवळ्या पडलेल्या. आत लॅमिनेट केलेला लग्नाचा फोटो, मुलांचे जन्मदाखले आणि वेगवेगळ्या कार्यालयांत दिलेल्या तक्रारींच्या पोचपावत्या. नाव, वय, मुलं, सगळं तिनं भराभर सांगितलं. 'वैवाहिक स्थिती' या रकान्यापाशी आल्यावर ती थांबली. आमच्या फॉर्मवर तीन चौकोन होते: अविवाहित, विवाहित, विधवा. दुभाष्यानं पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "विवाहित लिहिलंत तर मदत मिळणार नाही. विधवा लिहिलंत तर मीच त्याला मारल्यासारखं होईल. रकाना रिकामा ठेवा."

संगणकात रिकामा रकाना चालत नव्हता. मी 'विधवा'वर खूण केली. तिला मदत मिळावी, एवढंच मनात होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेड उघडायच्या आधी ती दाराशी उभी होती. म्हणाली, ती खूण खोडा. मी निळ्या पेनानं खोडली, शेजारी सही केली, आणि तिनं तो कागद स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावरच ती गेली. मदतीच्या यादीतून तिचं नाव अर्थातच गेलं. ती पुन्हा यादीत यायला पुढे आठ महिने लागले.

त्या आठ महिन्यांत मला कळलं की तो रकाना हाच तिचा सगळा प्रश्न होता. श्रीलंकेत २०१० मध्ये एक तात्पुरता कायदा झाला होता, ज्याखाली संघर्षात वर्षभराहून जास्त काळ बेपत्ता असलेल्या माणसाचा मृत्यूदाखला घेता येत होता. कागदोपत्री सोय झाली होती. पण किती तरी बायकांनी तो दाखला नाकारला. त्यांनी नवऱ्याला किंवा मुलाला सैन्याच्या ताब्यात जाताना स्वतः पाहिलं होतं. मृत्यूदाखला घेतला की चौकशी संपली, असं त्यांना वाटत होतं, आणि त्यांची ही भीती मला अनाठायी वाटत नाही. पुढे २०१६ मध्ये कायदा बदलून 'अनुपस्थितीचा दाखला' देण्याची तरतूद झाली. माणूस मेला असं न म्हणता त्याची मालमत्ता सांभाळता येणं, सरकारी मदतीला पात्र ठरणं, हे त्या दाखल्यानं शक्य झालं. साधा कागद, पण त्यात बाईला खोटं बोलावं लागत नाही.

जमिनीचं तर आणखी अवघड. उत्तर श्रीलंकेतल्या तमिळ कुटुंबांना 'थेसावलमै' हा पारंपरिक कायदा लागू होतो. त्यात बाईच्या स्वतःच्या नावावर, माहेरहून हुंड्यात आलेली जमीन असली तरी ती विकायला किंवा गहाण टाकायला नवऱ्याची लेखी संमती लागते. नवरा बेपत्ता असेल तर? कोर्टात जाऊन परवानगी आणावी लागते. म्हणजे वकील, बसभाडं, बुडालेला दिवस, तारखा. बँकेचं कर्ज तारणाशिवाय नाही, तारण नवऱ्याच्या सहीशिवाय नाही. मग ती कुणाकडे जाणार? दारात मोटरसायकलवरून येऊन, काहीही तारण न मागता पैसे देणाऱ्या माणसाकडे.

उत्तरेत आणि पूर्वेत मायक्रोफायनान्स, म्हणजे लहान रकमेची कर्जं देणाऱ्या कंपन्या युद्धानंतर असाच शिरकाव करून बसल्या. एक हप्ता फेडायला दुसरं कर्ज, दुसरं फेडायला तिसरं. आठवड्याच्या वसुलीच्या दिवशी बायका घराला कुलूप लावून शेतात लपायच्या. २०१८ मध्ये सरकारला दुष्काळग्रस्त जिल्ह्यांतल्या बायकांची एक लाख श्रीलंकन रुपयांपर्यंतची अशी कर्जं माफ करण्याची घोषणा करावी लागली, यावरून ते किती खोल गेलं होतं याचा अंदाज येईल. तुमच्या २९ जणींपैकी कुणी वसुलीच्या वारीच वर्गाला गैरहजर असते का, हे हजेरीपत्रकात जरूर पाहा. मला एकदा असाच पॅटर्न सापडला होता. दर गुरुवारी त्याच सात जणी नाहीत.

नेपाळमध्ये हाच प्रश्न वेगळ्या रूपात भेटला. बर्दिया जिल्ह्यात, विशेषतः थारू समाजात, बेपत्ता झालेल्यांची संख्या देशात सर्वांत जास्त होती. तिथल्या बायका सिंदूर लावायचं की पुसायचं या पेचात वर्षानुवर्षं होत्या. लावलं तर गावकरी नावं ठेवतात, पुसलं तर सासू म्हणते, माझ्या मुलाला मारून टाकलंस. सरकारी मदतीचे पैसे सुनेच्या नावावर आले तेव्हा काही घरांत सुटकेचा श्वास सुटला, आणि काही घरांत त्याच दिवशी सुनेला घराबाहेर काढलं गेलं. पैसे देताना कुणाच्या नावावर द्यायचे याचा विचार सगळे करतात. ते मिळाल्यावर त्या रात्री ती कुठल्या घरात झोपणार आहे, याचा विचार फार कमी जण करतात.

एक गोष्ट मात्र नेपाळच्या बायकांकडून शिकण्यासारखी आहे. लिली थापा यांनी उभ्या केलेल्या संघटनेनं 'विधवा' हा शब्दच टाकून दिला आणि 'एकल महिला' हा शब्द रूढ केला. नवरा मेलेला, बेपत्ता, सोडून गेलेला, सगळ्या एका शब्दाखाली आल्या. २००९ मध्ये तिथल्या सरकारनं विधवेशी लग्न करणाऱ्या पुरुषाला ५० हजार रुपये देण्याची योजना जाहीर केली, तेव्हा याच बायका रस्त्यावर उतरल्या. आमच्यावर बक्षीस लावू नका, आमचा हक्क आमच्या हातात द्या, हे त्यांचं म्हणणं होतं. तुमच्या फॉर्मवरचा रकाना आज तुम्हाला बदलता येत असेल तर एवढं करा. 'कुटुंब चालवणारी व्यक्ती कोण' एवढंच विचारा. नवऱ्याबद्दल ती सांगेल तेव्हा सांगेल.

आता वेळ. याबद्दल लोक बोलतात कमी, आणि गळतीचं सर्वांत मोठं कारण माझ्या अनुभवात हेच निघालं आहे.

आपली समजूत अशी असते की युद्ध संपलं म्हणजे बाईचा भार हलका झाला. प्रत्यक्षात उलटं होतं. छावणीत पाण्याची रांग असते, शिधा मोजून मिळतो, अपमान असतो, पण शेत नसतं, घर बांधायचं नसतं. गावी परतल्यावर एकाच वर्षात घर उभं करायचं, रान साफ करायचं, विहीर उपसायची, मुलांना शाळेत घालायचं, जखमी भावाला दवाखान्यात न्यायचं आणि पाच कार्यालयांत पाच अर्ज घेऊन फिरायचं. शाळा सुरू झाली हे चांगलंच. पण छावणीत धाकट्यांना सांभाळणारी बारा वर्षांची मुलगी शाळेत गेली की आईचे दोन हात कमी होतात. आणि लेकरं ज्यांच्या मांडीवर टाकून बाई कामाला जायची ती म्हातारी माणसं युद्धात गेलेली असतात किंवा दुसऱ्या गावात विखुरलेली असतात.

उत्तर श्रीलंकेत भारत सरकारच्या मदतीनं घरं बांधण्याची मोठी योजना झाली. घरमालकानं स्वतः घर बांधायचं आणि साडेपाच लाख श्रीलंकन रुपये टप्प्याटप्प्यानं खात्यावर यायचे. कल्पना चांगली होती. घर आपल्या मनासारखं बांधता येतं, मध्ये ठेकेदार नाही. पण घरात एकच मोठं माणूस आणि तेही बाई असेल, तर गवंड्याशी घासाघीस, वाळूचा ट्रॅक्टर, रात्री सिमेंटची राखण, पुढच्या हप्त्यासाठी तपासणी, हे सगळं तिच्याच अंगावर. पाया झाला की शिलाईच्या वर्गाला यायला तिच्याकडे सकाळ उरत नाही, दुपार उरत नाही.

तुम्हाला हे कागदावर मोजता येईल. मी करते ती पद्धत सोपी आहे. दहा-बारा बायकांना एकत्र बसवा. प्रत्येकीला २४ चिंचोके किंवा खडे द्या. एक खडा म्हणजे एक तास. जमिनीवर खडूनं गोल काढा: झोप, पाणी, सरपण, स्वयंपाक, शेत, मुलं, आजारी माणसं, मजुरी, कार्यालयाच्या खेपा. त्यांना खडे ठेवू द्या, तुम्ही बोलू नका. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा एका बाईनं सगळे खडे ठेवले, मग झोपेच्या गोलातले दोन उचलून 'आजारी माणसं'मध्ये टाकले, आणि माझ्याकडे पाहून विचारलं, "आता शिलाईचे कुठून आणू?" आमचा वर्ग रोज तीन तासांचा होता. त्यानंतर आम्ही तो आठवड्यातून दोन दिवस केला, वर्गाच्या बाजूला पाळणाघर सुरू केलं आणि जाण्यायेण्याचं भाडं दिलं. नवं काहीच शिकवलं नाही, तरी हजेरी दुपटीनं वाढली.

इथवरचं दोन वाक्यांत सांगते, कारण पुढचा भाग जरा वेगळा आहे. जी बाई येत नाही तिच्याकडे बहुधा सही करण्याचा अधिकार नाही किंवा तास शिल्लक नाही. दोन्ही तपासल्याशिवाय तिच्या मनाबद्दल निष्कर्ष काढू नका.

शिलाईबद्दल. मला शिलाईचा राग नाही, पण युद्धानंतरच्या जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यात प्रत्येक संस्था शिलाई मशीनच वाटते, आणि एका गावाला लागून लागून किती शिंपिणी लागणार? आम्ही एका तालुक्यात ६० मशीनं वाटली होती. सहा महिन्यांनी फिरून पाहिलं तर बहुतेक मशीनांवर चादर घातलेली, दोन विकलेली, आणि एकावर पीठ चाळायची चाळण ठेवलेली. गावात पैसेच खेळत नव्हते तर कपडे शिवून घेणार कोण? बाईनं युद्धात काय विकलं, काय पिकवलं, कशाचा व्यापार केला हे आधी विचारा. उत्तर श्रीलंकेतल्या मुल्लैतिवूच्या किनाऱ्यावर बायका सुकी मासळी विकत होत्या. त्यांना हवं होतं ते बर्फ आणि वाहतूक. शिवणकाम त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

उलट, ज्या कामाला 'बायकांचं काम' मानलं जात नाही तिथे कधीकधी खरा पगार असतो. उत्तर श्रीलंकेत भूसुरुंग काढण्याच्या कामावर शेकडो बायका होत्या, त्यात बऱ्याच एकट्यानं घर चालवणाऱ्या. उन्हात जाड जाकीट आणि चेहऱ्यावर पारदर्शक कवच घालून, गुडघ्यावर बसून, एकेक वीत माती सरकवत जायचं. भयंकर काम. पण महिन्याच्या महिन्याला पगार, विमा, आणि स्वतःच्याच गावाची जमीन मोकळी केल्याचं समाधान. हे काम कधीतरी संपतं, त्यामुळे त्यावरच सगळं उभं करू नये. पण तुमच्या जिल्ह्यात रस्ते, विजेचे खांब, शाळांची बांधकामं चालू असतील तर त्या मजुरीत, देखरेखीत, भांडाराच्या हिशेबात बायकांना जागा आहे का, हे शिलाईच्या आधी बघा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. बायका मागे का सरकतात? काही ठिकाणी त्या खरोखर मागे ढकलल्या जातात, आणि ढकलणारी माणसं बहुतेकदा कायदा, नोकरभरती आणि मदतीचे नियम यांच्या आडून ढकलतात.

१९४५ नंतरच्या जर्मनीत शहरांचे ढिगारे उपसणाऱ्या बायकांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. देशात पुरुषांपेक्षा बायका काही दशलक्षांनी जास्त होत्या. एलिझाबेथ झेल्बर्ट या वकील आणि राजकारणी बाईंनी झगडून १९४९ च्या मूलभूत कायद्यात, म्हणजे पश्चिम जर्मनीच्या घटनेत, 'स्त्री-पुरुष समान आहेत' हे वाक्य घालून घेतलं. तरीही पश्चिम जर्मनीत संसार सांभाळून जमत असेल तरच बायकोनं नोकरी करावी, हा नियम कायद्यात १९७७ पर्यंत राहिला. घटनेत वाक्य येणं आणि ते घरातल्या कायद्यात उतरणं यात २८ वर्षं गेली.

लढणाऱ्या बायकांचं तर आणखी वाईट. सिएरा लिओनमध्ये २००२ पर्यंत चाललेल्या नि:शस्त्रीकरणात, म्हणजे हत्यार टाकून मदतीला पात्र ठरण्याच्या नोंदणीत, सुमारे ७२ हजार जणांची नोंद झाली, त्यात स्त्रिया पाच हजारांहून कमी. कारण काय? नोंदीसाठी हत्यार आणून द्यावं लागे. बायकांकडची हत्यारं टोळीचे म्होरके काढून घेत, आणि ज्यांना स्वयंपाकाला, ओझी वाहायला, जबरदस्तीच्या 'बायको'पणाला ठेवलेलं होतं त्यांच्याकडे हत्यार नव्हतंच. शेजारच्या लायबेरियात हा धडा घेऊन लढाऊ गटांसोबत असलेल्या बायकांना हत्याराशिवाय नोंदणी करू दिली, आणि तिथे नोंदलेल्या स्त्रियांची संख्या २० हजारांच्या वर गेली. बायका त्याच, नियम वेगळा. याच लायबेरियात २००३ मध्ये लेमा बोवी आणि त्यांच्या साथीदारणी युद्ध थांबवा म्हणत पांढरे कपडे घालून राजधानी मन्रोव्हियाच्या मासळीबाजाराजवळ महिनोन् महिने बसल्या होत्या, आणि घानातल्या आक्रा शहरात चाललेल्या शांततेच्या वाटाघाटींच्या दालनाचं दार त्यांनी अडवलं होतं.

नेपाळमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पडताळणीत १९,६०२ माओवादी सैनिक ठरले, त्यात ३,८४६ स्त्रिया. शेवटी नेपाळी सेनेत सामावले गेले सुमारे १४०० जण. त्यात स्त्रिया १०४. मधली पाच-सहा वर्षं छावण्यांमध्ये गेली होती. त्यात लग्नं झाली, मुलं झाली. अंगावर पिणारं मूल घेऊन सैन्याच्या प्रशिक्षणाला जाणार कोण? त्यांनी रोख रक्कम घेऊन निवृत्ती पत्करली. पुढे त्यांच्यातल्या काही जणींशी माझी ओळख झाली. एकीनं सांगितलं, सासरी कुणाला कळू नये म्हणून ती उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचं पोलकं घालायची. दंडावर गोळीचा व्रण होता.

याच्या उलट उदाहरण रवांडाचं. १९९४ च्या वंशसंहारानंतर घरंच्या घरं बायका आणि मुलींवर आली होती, आणि जुन्या रूढीप्रमाणे मुलीला बापाच्या जमिनीत वारसा नव्हता. १९९९ मध्ये कायदा होऊन मुलीला मुलाच्या बरोबरीनं वारसा मिळाला. २००३ च्या घटनेत निर्णय घेणाऱ्या सर्व पदांवर किमान ३० टक्के स्त्रिया असाव्यात असं आलं, आणि २००८ मध्ये स्त्रियांचं बहुमत असलेली जगातली पहिली संसद तिथे निवडून आली. हे सगळे सांगतात. कमी सांगितलं जातं ते हे की त्या वारसा कायद्याचा पत्नी म्हणून लाभ मिळायला लग्नाची सरकारी नोंद लागत होती, आणि अनेकींची लग्नं रूढीनं झालेली, नोंदच नव्हती. संसदेत बहुमत असूनही ती बाई शेताच्या बांधावरच राहिली. म्हणून मी कुठल्याही जिल्ह्यात गेले की पहिल्या आठवड्यात एक प्रश्न विचारते: इथे किती लग्नं नोंदलेली आहेत, आणि उशिरा नोंद करायला काय लागतं? तुमच्या प्रकल्पातल्या शिलाई शिक्षिकेच्या पगारात एक पॅरालीगल, म्हणजे कायद्याच्या कागदपत्रांत मदत करणारी व्यक्ती, बसत असेल, तर मी पॅरालीगल नेमीन.

सहकाऱ्यांच्या समुपदेशनाच्या मुद्द्याबद्दल. धक्का खरा असतो. झोप न लागणं, हात थरथरणं, मुलांवर अकारण ओरडणं, हे मी रोज पाहिलं आहे. पण उधारी, बेपत्ता माणूस आणि गळकं छप्पर या तिन्हींनी झोप उडालेल्या बाईला फक्त बोलतं करून काही साधत नाही. आणि लैंगिक अत्याचाराबद्दल तर तुम्ही स्वतःहून कधीही विचारू नका. 'पीडित महिलांचा गट' असा वेगळा गट करू नका. गटात जाणं हीच गावात ओळख होऊन बसते. १९७१ नंतर बांगलादेशात अत्याचार झालेल्या स्त्रियांना सन्मानानं 'वीरांगना' ही पदवी दिली गेली. हेतू गौरवाचा होता, पण गावात तो शब्द बोट दाखवायला वापरला गेला, आणि कित्येकींनी तो लपवला. मुक्तियोद्ध्या म्हणून त्यांच्यातल्या पहिल्या काही जणींची सरकारी नोंद व्हायला २०१५ उजाडलं. कोसोवोत युद्ध १९९९ मध्ये संपलं, अशा स्त्रियांना मासिक निवृत्तिवेतन मिळू लागलं ते २०१८ मध्ये. तुमच्यासमोर कुणी बोललीच, तर ऐका, लिहून घेऊ नका, आणि तिला कुठे पाठवायचं हे आधीच ठरवून ठेवा: विश्वासाची डॉक्टर, विश्वासाची वकील. तेवढी तयारी नसेल तर तो विषय उघडण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आणि त्या अत्याचारातून जन्मलेली मुलं. उत्तर युगांडात बंडखोरांच्या तावडीतून सुटून मुलं घेऊन परतलेल्या मुली मी पाहिल्या. तिथे जमीन बापाच्या कुळाकडून मिळते. बापाचं कूळच माहीत नाही, किंवा सांगता येत नाही, तर तो मुलगा कुठे घर बांधणार? आज सात-आठ वर्षांचं असलेलं मूल दहा वर्षांनी जमीन मागायला उभं राहील. अशी मुलं तुमच्याकडे असतील तर त्यांच्या जन्मनोंदीचं काम आजच हातात घ्या. उशीर झाला की ते फार महाग पडतं.

पुरुषांबद्दल एवढंच सांगते की त्यांना वगळू नका. काम गेलेला, हात किंवा पाय गेलेला नवरा घरी बसलेला असतो, आणि बायकोच्या हातात पहिल्यांदा पैसे येतात, त्या महिन्यात मारहाण वाढलेली मी पाहिली आहे. पैसे देण्याआधी घरातल्या सगळ्यांशी एकत्र बोलणं, आणि अडचणीत ती रात्री कुणाच्या घरी जाऊ शकेल हे तिच्याकडून आधी कळून घेणं, हे कार्यक्रमाचाच भाग समजा.

तर आता काय कराल? वर्ग दोन आठवडे थांबवा. वरिष्ठांना सांगा की पाहणी चालू आहे, ते खरंही असेल. त्या ११ जणींना विचारा की बाकीच्या कुठे आहेत. त्यांना नक्की माहीत असेल. मग एकेका घरी जा. संध्याकाळी, पाणी भरून झाल्यावर. हजेरीपत्रक नेऊ नका. गाडी गावाबाहेर ठेवा, म्हणजे सगळं गाव गोळा होणार नाही. ती चूल पेटवत असेल तर पेटवू द्या, तुम्ही तिथेच बसा. वर्गाचं नाव काढू नका. एवढंच विचारा: "या महिन्यात तुम्हाला कुठल्या कार्यालयात किती वेळा जावं लागलं?" बहुतेक घरांत ती उठेल, आत जाईल आणि एक प्लास्टिकचं पाकीट घेऊन बाहेर येईल. त्यातले कागद ती दाखवेल त्या क्रमानं बघा आणि कुठला कागद अडला आहे ते वहीत लिहा. २९ घरं झाली की ती वही मला कळवा, नावं गाळून. पुढचं आपण त्यावरून ठरवू.